बेपत्त्यांचा पत्ता

पदवीच्या परीक्षेच्या दिवसांत आमच्या उशापाशी साहित्यशास्त्राचे ग्रंथ असत आणि उशाखाली बाबूराव अर्नाळकर. गावच्या वाचनालयातील त्या पुस्तकांची मुखपृष्ठे केव्हाच गेली होती, पुष्कळांची शेवटची पानेही गेली होती. त्यामुळे झुंजाराने अगर काळ्या पहाडाने अखेर कोणाला पकडले, हे आम्हांला कित्येक बाबतींत आजतागायत कळलेले नाही. तरी रहस्यकथेचा नाद काही सुटला नाही. त्यांतही खुनाच्या कथांपेक्षा माणूस नाहीसा होण्याच्या कथा आम्हांला अधिक प्रिय. एखादे लहानसे गाव असावे, सकाळी एका घराचे दार सताड उघडे असावे, चुलीवरचे दूध उतू गेलेले असावे, खुंटीवर कोट तसाच लोंबत असावा, आणि माणूस तेवढा नसावा. मग फौजदार येतो, आणि आजवर एकमेकांची अंडीपिल्ली ठाऊक असणारे सारे गाव थोडेथोडे खोटे बोलू लागते.

या कथा लहान गावातच का घडतात, हा प्रश्न बंगळुरास आल्यावर आम्हांला पडला. उत्तर सोपे होते. लहान गावात माणूस नाहीसा झाला तर ते कळते. येथे आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे बिऱ्हाड गेले, हे आम्हांला नव्या बिऱ्हाडाचे कुत्रे जिन्यात भेटले तेव्हा समजले. नाहीसे व्हावयाचे तर आधी कोणाच्या तरी हिशेबात असावे लागते. खुद्द अगाथा ख्रिस्ती १९२६ च्या डिसेंबरात अकरा दिवस नाहीशा झाल्या, तेव्हा सारे इंग्लंड त्यांना तळ्याविहिरींत शोधत होते, आणि बाई हॅरोगेटच्या एका हॉटेलात नवऱ्याच्या प्रेयसीचे आडनाव लावून खुशाल राहिल्या होत्या. पुढे आत्मचरित्र लिहिले, पण त्यात या अकरा दिवसांविषयी चकार शब्द नाही. एवढी उत्तम रहस्यकथा हाताशी असून ती न लिहिण्याचा संयम आम्हांला मोठा वाटतो.

आमचे गाव पंढरपूर. तेथे हरवणे हा वार्षिक कार्यक्रम असतो. आषाढीच्या दिवसांत ध्वनिक्षेपकावरून रात्रंदिवस हरवलेल्या माणसांची नावे पुकारली जातात, आणि त्या आवाजावरच आम्ही लहानाचे मोठे झालो. अमुकबाई, मौजे अमुक, तालुका तमुक, हिरवे लुगडे, गळ्यात तुळशीची माळ, आपली माणसे चौकीपाशी थांबली आहेत. त्या गर्दीत निम्म्या बायका हिरव्या लुगड्याच्या, आणि तुळशीची माळ तर सर्वांच्याच गळ्यात. तेव्हा वर्णनाचा उपयोग शून्य. बाईला वळून पाहावयास लावी ते तिच्या गावाचे नाव. ‘बेपत्ता’ हा आपल्या भाषेतला शब्द मोठ्या अकलेने बनला आहे, असे आम्हांला तेव्हापासून वाटते. माणूस कोठे तरी असतोच. त्याला पत्ता तेवढा नसतो.

या गावातून एकदा प्रत्यक्ष देवच बेपत्ता झाला होता, अशी परंपरा आहे. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने विठोबाची मूर्ती उचलून आपल्या राजधानीस नेली, आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली. इतिहासाच्या अभ्यासकांचा यावर वाद आहे, आणि तो त्यांनी सुखेनैव चालवावा. आम्ही हंपीस गेलो तेव्हा ते विठ्ठलमंदिर पाहिले. दगडी रथ पाहिला, नाद करणारे खांब पाहिले, आणि गाभाऱ्याशी जाऊन उभे राहिलो. गाभारा रिकामा आहे. बरोबरच्या कन्नड मित्राला आम्ही जरा ऐटीतच सांगितले, की येथील गृहस्थ आमच्याकडे आहेत. तो शांतपणे म्हणाला, “तुमच्याच संतांनी त्याला कानडा म्हटले आहे ना? मग तो नेमका कोणाकडून हरवला?”

कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा देऊन आम्ही केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि नऊ वर्षांपूर्वी या शहरी आलो. लिपिकाला शहर पाहावयास रविवार मिळतो, आणि आमच्या रविवारांत आम्हांला हळूहळू असे दिसून आले, की बंगळूर हे नाहीशा झालेल्या गोष्टींवर वसलेले शहर आहे. ज्या मॅजेस्टिकच्या बसस्थानकात आम्ही पहिल्या दिवशी पेटी घेऊन उतरलो, तेथे धर्मांबुधी नावाचे तळे होते. कंठीरवा क्रीडांगणाच्या जागी संपंगी तळे होते. त्याचा एक चिमुकला तुकडा करग उत्सवापुरता राखून ठेवला आहे, जणू ओळख पटविण्यासाठी पोलिसांनी ठेवलेली वस्तू.

आणि मराठी माणसाला चटका लावणारी गोष्ट अशी, की येथे शहाजीराजांचा वाडाही बेपत्ता आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाकडून हे शहर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’त ज्या दरबाराचे वर्णन केले तो दरबार या भूमीवरचा, राजवाड्यांनी तो चंपू १९२२ मध्ये छापला. वाड्याचे नाव गौरीमहाल होते आणि तो चिकपेठेच्या आसपास असावा, असे म्हणतात. आम्ही चार रविवार चिकपेठेत हिंडलो. रेशमी साड्यांची दुकाने, पितळेच्या समया, हमालांच्या पाठीवरचे गठ्ठे आणि भूमिगत रेल्वेचे स्थानक एवढे आढळले. राजे १६६४ मध्ये होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून वारले. तेथे त्यांची समाधी आहे, म्हणजे मृत्यूचा पत्ता आहे, घराचा नाही. पुढे एकोजीराजे तंजावरास गेले आणि त्यांनी हे शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला तीन लाख रुपयांस विकावयाचे ठरविले. मध्येच १६८७ च्या जुलैत मोगलांचा कासिमखान येऊन बसला, तरी अखेर तीन लाखांतच ते म्हैसूरकरांकडे गेले. सध्या तेवढ्या रकमेत येथे एका बऱ्यापैकी घराची दहा महिन्यांची अनामत भरून होते.

याच एकोजीराजांचा १६६९ चा एक शिलालेख मल्लेश्वरम भागात काडुमल्लेश्वराच्या देवळापाशी आहे. लेख कन्नड आहे. महानाडूच्या, म्हणजे तेथील पंचांच्या, विनंतीवरून देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिले, असा मजकूर. ‘मेदर’ म्हणजे बुरूड. तेव्हा निंगा नावाच्या कोणा बुरुडाने वसविलेले हे गाव असावे. राजाने दिले, पंचांनी घेतले, देवाने स्वीकारले, दगडावर लिहून ठेवले, आणि आज ते गाव नाही. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात अगर त्याच्या आजूबाजूस ते असावे, असे सांगतात. जुन्या कागदांत रयत गाव सोडून गेली म्हणजे ‘परागंदा’ झाली असे लिहीत. निंगाच्या गावाबद्दल तेवढेही कोणी लिहिलेले दिसत नाही. उलट त्याच रस्त्यावर १९९७ मध्ये, मोकळ्या समजल्या गेलेल्या जागेवर बांधकाम काढले असता, मातीखालून अख्खे देऊळ निघाले: दक्षिणमुख नंदी, त्याच्या मुखातून खाली शिवलिंगावर पडणारी पाण्याची धार, आणि पुढे पुष्करिणी. लोकांनी बांधकाम थांबविले. इतकी वर्षे समोरच्या देवळात नित्य घंटा वाजत होती, आणि हा नंदी रस्त्यापलीकडे मातीखाली बसून होता.

माणसांच्या बाबतीत येथे नाहीसे होते ते आडनाव. जुन्या म्हैसूर राज्याच्या रीतीप्रमाणे गावाचे आद्याक्षर, बापाचे आद्याक्षर आणि मग स्वतःचे नाव. त्या रीतीत पवार, जाधव, गायकवाड हे सारे विरघळतात आणि तळाशी ‘राव’ एवढा साका उरतो. आम्ही रोज आनंदराव सर्कलवरून बसने जातो. हे आनंदराव म्हणजे १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूरचे दिवाण असलेले टी. आनंदराव, राजा सर टी. माधवरावांचे चिरंजीव, आणि तो ‘टी’ म्हणजे तंजावर. एका अक्षरात पत्ता सांभाळलेला, पण विचारतो कोण! याच शहरात १९५० मध्ये जन्मलेले आणि येथील बसवर कंडक्टर असलेले शिवाजीराव गायकवाड मद्रासेस गेले आणि १९७५ पासून रजनीकांत या नावाने सापडले. आडनाव टाकल्याने माणसाचे काही अडत नाही, याला एवढा पुरावा पुरे. तरी आमच्या मुलीचे नाव शाळेत घालताना आम्ही आडनाव अट्टाहासाने पूर्ण लिहिले, आणि बाईंनी ते तिचे नाव समजून वर्षभर तिला आडनावानेच हाका मारल्या.

आता जी गोष्ट सांगावयासाठी लेखणी उचलली तिच्याकडे येतो. आमच्या कार्यालयात एक राव होते. निवृत्तीस दोन वर्षे राहिलेली, कामात चोख, बोलणे बेताचे. आमच्यापासून चार मेजे पलीकडे बसत. नऊ वर्षे आमच्या मोडक्या कन्नडास ते हसतमुखाने दुरुस्त करीत आले. एका सोमवारी ते डबा घेऊन घरून निघाले आणि कार्यालयात पोहोचले नाहीत. भ्रमणध्वनी घरीच होता. पहिले तीन दिवस आम्ही आजारपणाचे समजलो. चौथ्या दिवशी मुलगा आला, तेव्हा पोलिसांत वर्दी गेली.

रहस्यकथांचे जुने वाचक म्हणून आम्हांला येथे काही सुचावयास हवे होते. सुचले नाही. तर्क मात्र साऱ्या शाखेला सुचले. कर्ज असावे, दुसरे घर असावे, हिमालयात गेले असावेत, एक जण तर म्हणाला, की तळ्यावर नेहमी जात. जो माणूस नऊ वर्षे कोणाच्या लक्षात आला नव्हता त्याच्याबद्दल आठवड्याभरात प्रत्येकाजवळ एकेक प्रकरण तयार झाले. कथेतल्या गावात माणसे खोटे बोलतात तशी येथे कोणी बोलत नव्हते; सर्वांना मनापासून मदत करावयाची होती. कार्यालयीन पद्धत तिकडे आपल्या गतीने चालली. अनधिकृत गैरहजेरीबद्दल खुलासा करावा व त्वरित रुजू व्हावे, असा मेमो रजिस्टर टपालाने त्यांच्या घरच्या पत्त्यावर गेला. बेपत्ता माणसाला त्याच्याच पत्त्यावर पत्र! पोचपावतीवर बायकोची सही होऊन ती परत आली आणि आम्हीच ती फायलीस लावली.

सहा महिने उलटले. पोलिसांनी कसून शोध करूनही इसम मिळून आला नाही असे लिहून दिले. या बाबतीत सरकारी नियम लोक समजतात तितके निर्दय नाहीत. वर्दी दिल्यापासून सहा महिन्यांनी कुटुंबाला पगाराची थकबाकी, भविष्य निर्वाह निधी, रजेचे पैसे मिळतात, आणि कुटुंब-निवृत्तिवेतन सुरू होते. पूर्वी वर्षभर थांबावे लागे. उपदानातील मृत्यूमुळे वाढणारा फरक तेवढा अडकून राहतो, मृत्यू सिद्ध होईपर्यंत अगर सात वर्षे भरेपर्यंत. ही सात वर्षे १८७२ च्या पुरावा कायद्यातली. २०२४ च्या जुलैपासून नवा कायदा आला, त्यातही ती तशीच राहिली. त्या कलमातले शब्द आम्ही फायलीच्या निमित्ताने प्रथम नीट वाचले. एखादा माणूस हयात असता तर ज्यांना सहजच त्याची खबर लागली असती, त्यांना सात वर्षे ती लागली नाही, तर तो हयात आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर. सहजच ज्यांना खबर लागली असती! कायदा लिहिणारा गोरा साहेब असेल, पण आपले माणूस कोणते याची व्याख्या त्याने बरी केली आहे. आम्ही त्या दिवशी मनातल्या मनात आमची यादी केली. बंगळुरात ती घरच्या दोन माणसांवरच थांबली. तिसरे नाव दूधवाल्याचे घालावे की नाही, याचा निर्णय होईना.

सर्व कागद तयार होते, आणि रावांच्या पत्नी सही करीत नव्हत्या. मुलगा दोनदा येऊन हात हलवीत परत गेला. तेव्हा सेवापुस्तक उघडले गेले, आणि पहिल्याच पानावर, शाळेच्या दाखल्यावरून उतरलेल्या नावात, त्यांचे संपूर्ण आडनाव निघाले. सातारा जिल्ह्यात शोभेल असे. अनुभाग अधिकारी चष्म्यावरून आमच्याकडे पाहून म्हणाले, “तुमच्यातलेच दिसतात. तुम्ही जाऊन या.”

घर जुन्या पेठेत, एका बोळाच्या टोकाला. पुढे रंगाऱ्याचे दुकान, मागे दोन खोल्या. भिंतीवर विठोबाची तसबीर. आम्ही मराठीत बोलू लागताच बाईंनी मराठीत उत्तर दिले. ते मराठी आम्ही पूर्वी ऐकलेले नव्हते. क्रियापदे कन्नड वळणावर जात होती, आणि मध्येच असा एखादा शब्द येई, की जो आम्हांला बखरीत भेटला होता आणि जिवंत माणसाच्या तोंडून कधीच नाही. त्यांचे पूर्वज केव्हा आले ते त्यांना ठाऊक नव्हते. आम्ही कोठले ते त्यांनी विचारले, आणि पंढरपूर म्हणताच हात जोडले. मग म्हणाल्या, “तुम्ही तिकडून आलात. आम्ही इथलेच.”

रावांनी आमच्याशी कधी मराठीत बोलणे काढले नाही, असे आम्ही म्हटले. त्यावर बाई किंचित हसल्या. ते घरी येऊन आमच्याबद्दल सांगत असत. तुमचे मराठी पुस्तकातले आहे, आपले ऐकून तो हसेल, असे त्यांना वाटे.

सहीबद्दल बाईंचे म्हणणे साधे होते. अर्जाच्या कागदांत ‘मृत’ हा शब्द कोठे तरी येतोच, आणि त्याखाली त्या आपले नाव घालणार नव्हत्या. मुलगा म्हणे, पैसे हक्काचे आहेत. व्हाइटफील्डला त्याच्याकडे राहावयास चला असाही त्याचा आग्रह, कारण बोळातली घरे पाडून मालक तेथे मोठी इमारत उठविणार होता. बाई घरही सोडीत नव्हत्या. माणूस परत आला तर तो या बोळात येईल. व्हाइटफील्ड त्याला कोण दाखवणार?

आम्हांला पार्वतीबाई आठवल्या. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ गर्दीत शिरले आणि दिसेनासे झाले. प्रेत सापडले, अग्नी दिला, अशा बातम्या आल्या. पार्वतीबाईंनी त्या मानल्या नाहीत. कुंकू पुसले नाही. पुढे भाऊ म्हणविणारा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे फौज जमली, कोकणचा मुलूख त्याच्या हाती गेला. कारभाऱ्यांना चौकशा बसवाव्या लागल्या, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. एवढे माणसांचे लोंढे त्या तोतयाच्या मागे का लागले, याची कारणे इतिहासकार राजकारणात शोधतात आणि ती तेथे आहेतही. पण ज्याचा पत्ता लागलेला नाही त्याची जागा रिकामी राहते, आणि पुण्यातली ती जागा एका बाईने धरून ठेवली होती. १७८३ मध्ये त्या वारल्या. कायद्याच्या सात वर्षांची तिप्पट होऊन गेली होती. या बाईंना आम्ही कोणत्या तोंडाने नियम सांगणार?

नियम सांगण्याचे सोडून आम्ही कागद वाचून दाखवावयास बसलो, एवढ्याचसाठी की रिकाम्या हाताने लगेच उठणे बरे दिसेना. अर्ज, वर्दीची नक्कल, पोलिसांचा अहवाल आणि अखेर हमीपत्र. हमीपत्र हा कागद आम्ही लिपिक लोक कधी वाचत नाही, रकाने भरतो. त्यातला मजकूर इंग्रजीतून मराठीत सांगत असता आमची जीभ एका वाक्यावर अडखळली. सदर कर्मचारी पुढे उपस्थित झाला आणि त्याने आपल्या रकमांची मागणी केली, तर कुटुंबाला दिलेले सर्व पैसे त्याच्या येणे रकमेतून वळते करून घेण्यात येतील.

बाईंनी ते वाक्य पुन्हा वाचावयास सांगितले. आम्ही पुन्हा वाचले.

“म्हणजे ते येतील असं सरकार लिहून देतं?”

“आले तर काय करायचं ते लिहिलंय, काकू.”

“तेच,” बाई म्हणाल्या.

हमीपत्राला दोन जामीनदार लागतात. एक शेजारचा रंगारी तयार होता. दुसरा मिळावयाचा होता, आणि सरकारी नोकर असल्यास बरे असे मुलगा म्हणाला. रक्कम लहान नव्हती. उद्या राव खरोखरीच येऊन उभे राहिले आणि हिशेब फाटला, तर त्यात आमचीही मान अडकणार होती. घरी विचारून सांगतो, असे म्हणावयाचा आमचा मनसुबा होता. पण रावांनी चार मेजांवरून नऊ वर्षे न बोललेले मराठी त्या खोलीत अजून ऐकू येत होते. आम्ही सही केली. सहीखाली कायमच्या पत्त्याचा रकाना होता. आजवर असल्या रकान्यात आम्ही न चुकता मुक्काम पोस्ट पंढरपूर, जिल्हा सोलापूर लिहीत आलो आहोत. पण जामिनाला गाठावयाचे झाले तर बाईंच्या मुलाने चंद्रभागेच्या वाळवंटात हिंडावयाचे काय? आम्ही बंगळुरातील भाड्याच्या घराचा पत्ता लिहिला.

बाईंनी सावकाश, कन्नड अक्षरांत सही केली. अर्जातल्या पत्त्यापुढे, हा पत्ता बदलू नये असे लिहा म्हणाल्या. तशी सोय त्या कागदात नाही. आम्ही समासात पेन्सिलीने लिहिले. पुढच्या गुरुवारी फाइल वर गेली आणि महिन्याभरात मंजुरी आली. हमीपत्राची एक छायाप्रत बाईंनी मागून घेतली होती; मुलगा सांगत होता, ती विठोबाच्या तसबिरीमागे खोचलेली आहे.